बिनफुलाचा महिना

ती : मागून येऊ नका, बाबा! पुढच्या दाराने या. आणि आत आलात की दार लगेच ओढून घ्या.

सासरे : अगं हो, हो. चपला तरी काढू देशील? डोळ्यांत औषध घातलंय त्या डॉक्टरने, सगळं दुधात कालवल्यासारखं दिसतंय. रिक्षावाल्याने हात धरून उतरवलं मला. काय झालंय? चिमी कुठे आहे?

ती : मधल्या खोलीत. ठीक आहे. कपडे काढून सगळं अंग तपासलं, मग केस विंचरून परत तपासलं. कुठे काही नाही. खिडक्या लावल्यात, फटींत टॉवेल कोंबलेत.

सासरे : एवढ्या उकाड्यात?

ती : तुम्ही आधी मागच्या काचेतून बघा, मग उकाड्याचं बोला.

सासरे : बघतोय की. भिंतीवर ते काळपट काय आहे? ओल आली?

ती : ओल नाही ती. मधमाशा आहेत.

सासरे : एवढ्या?

ती : पेट्या होत्या तो कट्टा, वरची भिंत, चिमीच्या खिडकीची चौकट. गज दिसत नाहीत. आणि आवाज! कुणीतरी भिंतीत मोटार लावून ठेवल्यासारखा.

सासरे : पेट्या होत्या म्हणजे? पेट्या कुठे गेल्या?

ती : शेडमागे. तुमच्या लेकाने हलवल्या. दुपारी.

सासरे : दुपारी?

ती : दुपारी.

सासरे : भर उन्हात? सगळ्या कामावर गेलेल्या असताना? कुठे आहेत ते साहेब?

नवरा : इथेच आहे, बाथरूममध्ये. ऐकतोय सगळं. कानाला बर्फ लावतोय.

सासरे : बाहेर ये, बाळ्या. जवळ ये, मला दिसत नाही. अरेरे. हा कान आहे का बटाटा?

नवरा : हसू नका, बाबा.

सासरे : हसत नाही. हनुवटीलाही बसलीय एक. काटा काढलास?

ती : मी काढला. ओठ दाखव रे. जीभ बघू. श्वास लागतोय का तुला?

नवरा : नाही लागत. सतरांदा विचारलंस. मला काही होत नाही, लहानपणापासून चावतायत.

ती : चिमीलाही पहिल्यांदा काही झालं नव्हतं. नुसता हात सुजला होता. दुसऱ्यांदा ओठ निळे पडले.

सासरे : ते राहू दे आता. बाळ्या, तू या पेट्यांच्या बाजूला रांगायला शिकलास. त्या कट्ट्याला धरून पहिल्यांदा उभा राहिलास. आणि तू दुपारी पेटी हलवतोस?

नवरा : अंधार पडल्यावर हलवतात, माहितीये मला. पण दारांत ओली फडकी कोंबली होती ना. म्हटलं, दार बंद म्हणजे माशा आत बंद. साधं लॉजिक आहे.

सासरे : घरात होत्या त्या बंद. कामावर गेलेल्यांचं काय? संध्याकाळी ऑफिसातून आलास आणि घराच्या जागी मोकळा प्लॉट दिसला, तर तू काय करशील?

नवरा : इकडेतिकडे बघेन. शेडमागे तर ठेवल्यात, इथून हाकेच्या अंतरावर. उडणाऱ्या जिवाला तेवढं कळू नये?

सासरे : तेच तर. त्यांना पेटी माहीत नसते, जागा माहीत असते. लिंबाच्या कुंपणावरून वर, शेवग्याला वळसा, मग खिडकीखाली. पेटी शेडमागे काय, पलीकडच्या गल्लीत नेली तरी त्या इथेच येऊन बसणार. वाट बघत.

ती : तुम्ही त्याला ओरडू नका. मीच म्हणाले होते. आजच्या आज पेट्या खिडकीखालून हलल्या नाहीत तर चिमीला घेऊन आईकडे जाते, असं म्हणाले. बॅग पण काढली होती.

सासरे : बरोबर बोललीस.

ती : बरोबर नका म्हणू हो प्रत्येक वेळी! आता काय करायचं ते सांगा.

सासरे : पेट्या परत आणायच्या.

ती : कुठे?

सासरे : होत्या तिथे. खिडकीखाली.

ती : नाही.

सासरे : पोरी...

ती : नाही म्हणजे नाही. दहा दिवस मी त्या पेट्या तिथून हलाव्यात म्हणून जीव टाकतेय, आणि तुम्ही म्हणता परत आणा?

सासरे : दुसरा उपाय असता तर तो आधी सांगितला असता गं. जागेवर पेटी आली की त्या आपल्या आपण आत जातील. नाही आली तर रात्रभर भिंतीलाच. आणि थंडी वाजायला लागली की उबेला फटी शोधतात.

ती : फटी म्हणजे... आतल्या?

सासरे : आणखी एक आहे. बाळ्या, ती फडकी अजून दारांत आहेत?

नवरा : आहेत. उघडली असती तर त्याही आल्या असत्या ना भिंतीवर.

सासरे : मग आतल्या गुदमरत असतील. या उन्हात, दार बंद. मेण मऊ पडेल, मधाची पोळी खाली बसतील. मी गेलो असतो, पण मला पेटी आणि बादली यांतला फरक दिसत नाही आत्ता.

नवरा : मी जातो.

ती : तू जाणार नाहीस.

नवरा : मग कोण? तू?

ती : फायर ब्रिगेडला फोन करू. किंवा त्या पेस्ट कंट्रोलवाल्याला.

नवरा : तो पाइप लावून सगळ्या मारून जाईल. तुला तेच पाहिजे का? असेल तर सांग, करतो फोन. खरंच करतो.

ती : मला माहीत नाही काय पाहिजे. मला चिमी पाहिजे.

चिमी : आई, मी इथेच आहे! टॉवेल काढू का? घाम येतोय मला.

ती : टॉवेलला हात लावू नकोस! खिडकीपासून लांब बस. पलंगाच्या मध्यभागी. आलेच मी.

चिमी : मी मध्यभागीच आहे. कधीपासूनची मध्यभागी आहे.

सासरे : शाबास गं माझी राणी. बाळ्या, रेनकोट घाल, वरून जाळीची टोपी. बाह्या रबराने बांध. धुराच्या डब्यात वाळकी पानं घाल, थंड धूर हवा, जाळ नको. आणि फोन चालू ठेवून खिशात टाक. हिच्या फोनवर ऐकू येऊ दे.

ती : माझ्या फोनवर कशाला?

सासरे : मला दिसत नाही, त्याला टोपीतून धड दिसणार नाही. बघणार तूच.

(नवरा जातो. मागच्या बंद काचेशी ती आणि सासरे. तिच्या हातातला फोन स्पीकरवर.)

ती : दिसला. शेडमागून येतोय. पहिली पेटी पोटाशी धरलीय. सावकाश चालतोय. बाबा, टोपीची जाळी मानेपाशी नीट बसलीय का बघा.

सासरे : मला तेही दिसत नाही. बोलत राहा. भिंतीवरच्या काय करतायत?

ती : काही उठल्या. त्याच्या टोपीभोवती घोंगावतायत. अरे, हळू! पायरी आहे पुढे, पायरी!

नवरा : (फोनवर) दिसतेय पायरी. ओरडू नकोस कानात, एकच कान चालतोय माझा.

सासरे : त्याला म्हणावं आधी कट्ट्यावर धूर दे, मग जागा करून पेटी टेकव. पूर्वी होतं तसंच तोंड, लिंबाकडे.

ती : ऐकलंस ना? लिंबाकडे तोंड. थोडं डावीकडे. नाही, माझ्या डावीकडे. हां. टेकव. आता फडकं काढ... अगं बाई.

सासरे : काय झालं?

ती : बाहेर ओघळल्या. मूठभर तरी. खालच्या हलत नाहीयेत, बाबा.

सासरे : त्या गेल्या. बाकीच्या?

ती : बाकीच्या दाराशी उभ्या आहेत. शेपटी वर करून पंख फडफडवतायत. हल्ला करणार आहेत का?

सासरे : नाही गं. हाका मारतायत. वास सोडतायत, घर इथे आहे म्हणून. आता भिंतीकडे बघ.

ती : भिंत तशीच... थांबा. कडेच्या काही खाली उतरायला लागल्या. उडत नाहीत, चालतायत. एकीच्या मागे एक. अय्या, बाबा, सगळ्याच वळल्या! अख्खी भिंत सरकतेय. शाळा सुटल्यावर मुलं निघतात ना... छे, शाळा भरताना. तशा.

सासरे : हां. तेच. तुझ्या सासूला हे बघायला फार आवडायचं. पोळी तव्यावर टाकून यायची. जळायची पोळी.

ती : दुसरी पेटी आणली त्याने. आता तिसरी. गज दिसायला लागले. एक, दोन... चौकटीची वरची बाजू मोकळी झाली.

सासरे : आता घाबरली नाहीस?

ती : घाबरलेय. आणि बघत राहावंसंही वाटतंय. तुम्ही हे कुणाला सांगू नका.

नवरा : (फोनवर) मला ऐकू येतंय.

ती : तू आत ये मुकाट्याने. आधी अंगणात कपडे झटक, रेनकोट बाहेरच टाक. अंगावर एक जरी घेऊन आलास ना...

सासरे : येऊ दे त्याला. तू जरा खाली बस. पाणी पी. कमरेला हात लावून लावून ती पिशवी फाटेल एक दिवस.

ती : इंजेक्शन आहे त्यात. बघत असते आहे का म्हणून. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही. मी अंघोळीला जाते तेव्हा पण दारावर टांगते. झोपेत उशीखाली. इंजेक्शन द्यायचं ते मी संत्र्यावर शिकलेय बाबा, संत्र्यावर! संत्रं हलत नाही, रडत नाही, आई म्हणत नाही.

सासरे : ते पुढचं औषध कधी सुरू करणार म्हणाले?

ती : थोडी मोठी झाली की. माशीचंच विष थेंबाथेंबाने टोचत राहायचं, वर्षानुवर्षं. तोवर सांभाळा म्हणाले. "तोवर चावू देऊ नका." इतक्या सहज म्हणाले, जसं उन्हात खेळू देऊ नका.

सासरे : मीही तेच घेऊन बसलो होतो दवाखान्यात. डोळ्यांत थेंब घातले की अर्धा तास मिटून बसवतात ना. तिथूनच फोन केला, लिंबूवाल्या दोस्ताला. नदीपलीकडे बाग आहे त्याची. उद्या पहाटे टेम्पो पाठवतोय. पेट्या घेऊन जाईल. कायमच्या.

ती : उद्या? कायमच्या?

सासरे : एवढं लांब न्यायला पाहिजे की वाटेतलं एकही झाड त्यांच्या ओळखीचं नसावं. म्हणजे परत येत नाहीत. नवी जागा पाठ करतात.

ती : तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? मी सकाळी त्याच्याशी भांडले नसते. त्याने दुपारी हा उद्योग केला नसता.

सासरे : फोन दुपारी केला गं. सकाळी माझंच मन होत नव्हतं.

नवरा : आलो. झटकून आलोय, तीनदा. काय, कसलं मन होत नव्हतं?

ती : बाबा पेट्या देऊन टाकतायत. उद्या पहाटे.

नवरा : सगळ्या?

सासरे : सगळ्या. एक ठेवून काय तिच्याकडे बघत बसू?

नवरा : मग मी आज कशाला मरत होतो? चला. सुटलो एकदाचे. रडतेस काय? मिळालं ना तुला हवं ते?

ती : रडत नाहीये. पाणी येतंय नुसतं. बाबा, म्हणजे उद्यापासून चिमीला अंगणात सोडू शकते मी? बूट घालून का होईना?

सासरे : पेट्या गेल्या म्हणजे माशा गेल्या असं होत नाही.

ती : म्हणजे?

सासरे : अंगणात फुलं आहेत. आपल्या माशा होत्या म्हणून बाहेरच्या कमी येत होत्या. उद्या पान वाढलेलं आणि जेवायला कुणी नाही असं झालं की दुसरे येऊन बसतील. पुलाखाली मोठं मोहोळ आहे रानमाशांचं. त्या आपल्यांपेक्षा तापट.

नवरा : बाबा, हे आजच सांगायला पाहिजे होतं का?

सासरे : कधी सांगू? पोर अंगणात गेल्यावर?

ती : थांब रे तू. बाबा, फुलं काही बारा महिने नसतात. मला नुसतं सांगा, कुठल्या महिन्यात नसतात. त्या महिन्यात तिला बाहेर काढेन. बाकीचे दिवस आत. आतलं खेळायचं मी आणीन सगळं.

सासरे : तू महिना म्हण, मी फूल सांगतो.

ती : जानेवारीत?

सासरे : निलगिरी फुलते. खाली मोहरी असते.

ती : मार्चमध्ये शेवगा, तो मला माहितीये. शेवग्याखालीच झालं ते. एप्रिल?

सासरे : लिंबू. लिंबाचं काय, त्याला महिना नसतो, पाणी दिलं की बहरतो.

ती : पावसात तर काही नसेल? पावसात माशा बाहेर पडत नाहीत ना?

सासरे : उघडीप मिळाली की पडतात. मक्याच्या तुऱ्यावर जातात, भोपळ्याच्या वेलावर. मग बोर. बोराची फुलं तुला दिसायचीसुद्धा नाहीत, हिरवी, एवढीएवढी. पण झाड वाजतं नुसतं.

ती : मे? मे महिन्यात सगळं करपून जातं. मे?

सासरे : मे रिकामा होता. खरंच होता. आम्ही या घरात आलो तेव्हा मेमध्ये इथे एक फूल नसायचं. माशा उपाशी मरायच्या, मी साखरेचं पाणी करून ठेवायचो वाट्यांत. तुझ्या सासूला ते बघवायचं नाही. म्हणायची, दाराशी कुणी उपाशी आहे आणि आपण जेवतोय, हे काही बरं नाही. कुठून कुठून रोपं आणायची. अर्धी जगायची नाहीत. शेवटी तो गेटाजवळचा शिरीष लागला. मग ऑगस्टमध्ये थोडी फट राहायची, तिथे तिने ती गुलाबी फुलांची, आइसक्रीम म्हणतात ती वेल चढवली.

ती : म्हणजे?

सासरे : म्हणजे बिनफुलाचा महिना एक होता, पोरी. तिने तो बुजवला.

नवरा : आई सांगायची. वीस वर्षं लागली म्हणायची, एवढीशी जागा पण वर्षभर पाहुणे.

ती : मला एक महिना द्या हो, बाबा. एकच. पोरीने अंगणात बसून मातीत हात घालावा, एवढाच.

नवरा : तोडून टाकू सगळं. काय? तोडू! खाली फरशी घालू, स्कूटर लावू. मी आत्ता कुऱ्हाड आणतो.

ती : बस खाली. कान बघ आधी तुझा, किती सुजलाय.

सासरे : कुऱ्हाडीने शिरीष पडायचा नाही. करवतवाल्याला सांगितलंय मी.

ती : काय सांगितलंय?

सासरे : उद्या येतोय का विचारलंय. माणसं जमली तर येतो म्हणाला, संध्याकाळी फोन करतो. आधी लिंबाचं कुंपण, ते खिडकीला लागून आहे. मग शेवगा, तो मऊ असतो, लगेच पडतो. शिरीष शेवटी, त्याला दोर लावावा लागेल, नाहीतर गेटावर येईल.

ती : तुम्ही सगळं ठरवून आलात?

सासरे : डोळे मिटून बसायचं होतं ना अर्धा तास. दुसरं काय करणार?

ती : तुम्ही नाही म्हणा ना, बाबा! भांडा माझ्याशी. म्हणा, माझ्या बायकोच्या झाडाला हात लावशील तर याद राख. म्हणजे मला ओरडता तरी येईल. सगळ्याला बरोबर बोललीस, बरोबर बोललीस! मी कुणावर चिडू?

सासरे : मी भांडलो तर माशा कमी होतील?

ती : नाही होणार.

सासरे : मग? तू दुसरं काही सुचव, मी तेही करतो. मला सुचलं नाही.

नवरा : तू आईकडे राहा थोडे दिवस. खरंच. तिकडे सिमेंट सगळं. सातवा मजला.

ती : सकाळी बॅग भरतानाच आईचा फोन आला होता. मी सांगितलं, येतेय. तर म्हणाली ये, पण गच्चीवरच्या टाकीला मोहोळ लागलंय, वॉचमन म्हणतो परवा काढणार. गॅलरीत कुंडीतल्या गुलाबावर येतात म्हणे पाणी प्यायला. मी बॅग परत माळ्यावर टाकली. तुला सांगितलं नाही कारण मग तू पेट्या हलवल्या नसत्यास.

नवरा : वा! म्हणजे धमकी खोटी होती.

ती : धमकी खरी होती. जायला जागा नव्हती एवढंच.

सासरे : पोरी, एक विचारू? झाडं तोडली, आणि पलीकडच्या शेतातलं सूर्यफूल?

ती : माहितीये.

सासरे : तिच्या बालवाडीच्या फाटकावर जुई आहे.

ती : माहितीये मला! येताजाता बघतेच मी. बागेत घसरगुंडीशेजारी झेंडू. डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर पण लावलाय कसलातरी गुच्छ, पिवळा. तिला नाकात ऑक्सिजन लावून बाहेर आणलं तेव्हा मी त्या गुच्छावरच्या माशा बघत होते. सगळीकडे कुणी ना कुणी काहीतरी लावून ठेवलंय. मी कुणाकुणाच्या दारात करवत घेऊन जाऊ?

नवरा : मग तोडायचं कशाला?

ती : आपल्या दारात तरी नको म्हणून! काहीतरी केलं असं वाटावं म्हणून. नाही का? नाहीतर मी रात्री उशीखाली हात घालून नुसती पडून राहते.

चिमी : आई, मी आले. मध्यभागी बसून बसून पाय झोपले माझे. आजोबा, तुमचे डोळे लाल झालेत.

सासरे : औषध आहे गं. ये इथे. काचेला हात लावू नकोस, आई ओरडेल. माझ्या मांडीवर बस.

चिमी : माशा परत आल्या आपल्या?

सासरे : आल्या.

चिमी : मला परत चावणार?

सासरे : उद्या त्यांना गावाला पाठवतोय.

चिमी : एकट्यांना? त्यांना सांगा ना आजोबा, ही चिमी आहे, आपली आहे. म्हणजे चावणार नाहीत. मग गावाला नका पाठवू.

सासरे : सांगितलं असतं, राणी. पण त्यांना माणसं ओळखता येत नाहीत. तुला नाही, मलाही नाही.

चिमी : तुम्ही रोज त्यांच्याशी बोलता तरी?

सासरे : तरी.

चिमी : मग त्या दिवशी ती मला का चावली?

सासरे : तू शेवग्याचं फूल मुठीत धरलंस ना. ती आत होती. तिला वाटलं, दार बंद झालं.

चिमी : मी उघडणारच होते.

ती : चल, चिमे. दूध पिऊन घे.

चिमी : मी उघडणार होते, आई. खरंच.

ती : माहितीये. माहितीये मला, बाळा. चल.

नवरा : बाबा, फोन वाजतोय तुमचा.

सासरे : बघ रे कुणाचा, मला अक्षर लागत नाही.

नवरा : करवतवाला.

सासरे : हिला दे.

ती : मला का? तुम्ही बोलवलंय त्याला.

सासरे : बोलवलं मी. पण पोर तुझी आहे आणि झाडं तुझ्या सासूची. तू जे सांगशील ते मला चालेल. खरंच चालेल, उगाच म्हणत नाही.

ती : तेच तर नको आहे मला... दे इकडे. चिमीला धर जरा, खिडकीकडे नको नेऊस. हॅलो. हो, सूनच बोलतेय त्यांची. नमस्कार. हो, लिंबाचं कुंपण आधी, तसंच ठरलंय. नाही, विजेची तार नाहीये वर. शिरीष? हो, मोठा आहे. हो, यंदा लवकरच आलाय फुलांवर. काय म्हणालात? नाही, वास इथपर्यंत येतो, खिडकी बंद असली तरी येतो. थांबा हं, एक मिनिट. उद्या नको. नाही नाही, रद्द नाही करत. कधी ते मी सांगते तुम्हाला. हो, कळतंय मला, तुमचाही खोळंबा होतो. रद्द नाही म्हणाले ना. नुसतं उद्या नको.